बेसाल्टपासून बोलीपर्यंत : नांदेड-लातूरच्या भूमीवरील संशोधनाचा आढावा

एखाद्या प्रदेशातील विद्यापीठीय संशोधन किती वैविध्यपूर्ण आहे हे सांगण्यासाठी बहुधा विषयांची आणि प्रबंधांची यादी दिली जाते. परंतु अशा यादीतून विषय किती आहेत एवढेच कळते, ते एकमेकांशी बोलतात की नाही हे कळत नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण येथील भूकंप, पाणी, पीक, जनावर आणि बोली या सर्वांचा अभ्यास निसर्गविज्ञाने आणि सामाजिक शास्त्रे या दोन्ही बाजूंनी झालेला आहे, आणि तरीही एका बाजूने मिळवलेले ज्ञान दुसऱ्या बाजूला पोहोचल्याची उदाहरणे मोजकीच आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे हैदराबाद मुक्तिदिनाची तिथी साधून, नांदेडजवळील विष्णुपुरी येथे स्थापन झाले आणि तोवर औरंगाबादच्या विद्यापीठाकडे असलेला मराठवाड्याचा हा पूर्व भाग त्याच्याकडे आला. या विद्यापीठाने आपल्या विभागांना ‘संकुल’ हे नाव दिले. भूशास्त्र संकुल, जैवशास्त्र संकुल, सामाजिक शास्त्रे संकुल, भाषा, वाङ्मय व संस्कृती अभ्यास संकुल अशी ती रचना आहे. जवळचे विषय एका छताखाली नांदावेत ही त्यामागची कल्पना योग्यच होती. पण या भूमीचे खरे प्रश्न एका संकुलात मावणारे नाहीत, हे विद्यापीठाच्या जन्माआधी एक वर्ष घडलेल्या घटनेनेच दाखवून दिले होते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, औसा तालुक्यातील किल्लारी आणि लगतच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे भूकंपाने हादरली. सरकारी आकडेवारीनुसार मृतांची संख्या सुमारे ८ हजार होती, अन्य अंदाज त्याहून अधिक आहेत. भूकंपशास्त्रात परिमाण आणि तीव्रता असे दोन वेगळे शब्द वापरले जातात. परिमाण म्हणजे भूकंपाच्या वेळी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप, तर तीव्रता म्हणजे विशिष्ट ठिकाणी जाणवलेल्या हादऱ्याचे आणि झालेल्या हानीचे माप. किल्लारीचे परिमाण ६.२ च्या आसपास होते, जे जगाच्या मानाने मध्यम म्हणावे लागेल. एवढ्या परिमाणाच्या भूकंपात एवढी माणसे का दगावली, या प्रश्नातच पुढील तीन दशकांतील सर्व संशोधनाचे बीज आहे.

भूशास्त्रज्ञांपुढचा पहिला प्रश्न मात्र वेगळा होता. दख्खनचे पठार हा भूपट्टाच्या कडेपासून दूर असलेला, ‘स्थिर’ मानला गेलेला खंडीय भाग. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या १९८४ च्या आवृत्तीत किल्लारी परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. येथे जमीन का फाटावी? राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि परदेशी संशोधक यांनी किल्लारीचे शिवार अक्षरशः पोखरून पाहिले. ६०० मीटरहून खोल नेलेल्या एका वेधनातून असे दिसले, की काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा थर सुमारे ३३८ मीटर जाडीचा आहे, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचे खडक आहेत आणि त्याखाली द्वीपकल्पाचा प्राचीन नाइस खडक लागतो. म्हणजे ज्या कातळावर मराठवाडा उभा आहे असे मानले जाते, तो येथे एक पातळ पांघरूण आहे आणि हालचाल त्या पांघरुणाखालच्या जुन्या खडकात झाली. जवळच्या निम्न तेरणा प्रकल्पाच्या जलाशयाचा या हालचालीशी संबंध होता का, यावर वाद झाला. १९९२ च्या उत्तरार्धात याच भागात लहान धक्क्यांची मालिका येऊन गेली होती, तिला पूर्वसूचना म्हणावे का, हाही प्रश्न चर्चिला गेला. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीत चर खणून आणि तेर येथील थर तपासून, पूर्वीही अशा हालचाली झाल्या असाव्यात या दिशेने पुरावे मांडले. तेर म्हणजे प्राचीन तगर, सातवाहन काळातील व्यापारी नगर. तेथील मातीत पुरातत्त्वज्ञ मडकी आणि मणी शोधत होते, त्याच मातीत भूशास्त्रज्ञांनी जुन्या भूकंपाची खूण शोधली. शास्त्रांच्या सरमिसळीचे याहून चांगले उदाहरण या परिसरात सापडणे कठीण आहे. २००२ च्या सुधारित मानकात पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला.

पण माणसे खडकाने मारली नाहीत, घरांनी मारली. या भागातील जुने घर माळवदाचे असते. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन पदर मातीत रचून उभी करतात आणि मधली पोकळी खापऱ्या-चिपांनी भरतात. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुधा घातलेला नसतो. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढरी माती. हे छत गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर देतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या छताचे वजन वाढत जाते आणि उन्हाळ्यात घर थंड राहते ते याच वजनामुळे. धक्का बसताच भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा पदर गल्लीत आणि आतला पदर झोपलेल्या माणसांवर कोसळला, मग माती खाली आली. अभियंत्यांनी नोंदवलेली आणखी एक गोष्ट मोलाची आहे : ज्या घरांत छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर, म्हणजे खणांवर पेललेला होता, तेथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला. घर किती खणांचे आहे यावर घराण्याची ऐपत मोजणाऱ्या या समाजात सुरक्षिततेचे एक तंत्र आधीच होते, ते परवडणारे मात्र थोडेच होते.

येथून पुढचे संशोधन सामाजिक शास्त्रांकडे जाते. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात पन्नासहून अधिक गावे संपूर्णपणे नव्या जागी हलवण्यात आली आणि इतर गावांत घरांची डागडुजी व मजबुतीकरण करण्यात आले. नव्या गावांचा आराखडा रुंद, सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचा होता, आणि त्यामुळे नवे गाव जुन्या गावाच्या कित्येक पट पसरले. वास्तुरचनाकार व संशोधक रोहित जिग्यासू यांनी नॉर्वेतील विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधासह अनेक अभ्यासांनी दाखवले, की ओसरी, वाडा, पार, गल्ली या अंतरांवर उभे असलेले जगणे या आराखड्यात बसले नाही. शेत लांब गेले, जनावर बांधायला जागा राहिली नाही, शेजार बदलला. आणि सर्वांत खोल गेलेली गोष्ट म्हणजे दगडाची भीती. अभियांत्रिकीचा निष्कर्ष असा होता, की आरपार दगड घालून आणि भिंतीला आडवे पट्टे देऊन दगडाचे घर सुरक्षित करता येते. लोकांनी मात्र दगडालाच दोषी ठरवले आणि सिमेंट-काँक्रीट हेच सुरक्षिततेचे दुसरे नाव झाले. येथे दोन शास्त्रांचे निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत, ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एक भिंत कशी पडते हे सांगते, दुसरे माणूस त्या भिंतीजवळ पुन्हा का झोपत नाही हे सांगते. पहिल्याला मोजमाप, प्रतिकृती आणि प्रयोग लागतात. दुसऱ्याला मुलाखती, दीर्घ सहवास आणि ऐकण्याची तयारी लागते, ज्याला संशोधनपद्धतीत गुणात्मक पद्धती म्हणतात. ज्या गावांत मजबुतीकरणाच्या कामात महिला बचत गटांना आणि ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलेल्या गावातील स्त्रियांना सामील केले गेले, तेथे या दोन उत्तरांची गाठ पडण्याची वाट मोकळी झाली.

पाण्याच्या प्रश्नात हीच फारकत अधिक काळ चालू आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा संपला होता. या घटनेचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ करतो तेव्हा तो ऊस, साखर कारखाने, वीजदर आणि महानगरपालिकेची वितरण व्यवस्था यांकडे पाहतो. भूजलशास्त्रज्ञ करतो तेव्हा तो बेसाल्टकडे पाहतो. बेसाल्टमध्ये पाणी मातीसारखे सर्वत्र मुरत नाही, ते झिजलेल्या मुरमाच्या थरात, छिद्रमय खडकात आणि सांधे-भेगांत साठते, आणि तेही खडकाच्या आकारमानाच्या अल्प अंशाइतकेच. म्हणून उथळ विहीर एका पावसाने भरते आणि एका उन्हाळ्यात रिती होते, आणि खोल बोअर कोणत्या भेगेला लागेल यावर सर्व अवलंबून असते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार ६० मीटरपेक्षा खोल विहीर ही ‘खोल विहीर’ ठरते आणि अधिसूचित क्षेत्रांत शेती व उद्योगासाठी ती घेण्यास मनाई आहे. लातूरच्या शिवारांत प्रत्यक्षात बोअर त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल जातात. बोअरची जागा ठरवताना शेतकरी बहुधा पाणाड्याला बोलावतो. तळहातावर उभे राहणारे नारळ किंवा हातात वळणारी कडुलिंबाची दुबेळकी फांदी यांवर लाखभराचा खर्च पणाला लागतो. या प्रथेला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण भूजलाचे शासकीय नकाशे ज्या शेतकऱ्याच्या हातात कधी पोहोचत नाहीत त्याच्या दृष्टीने पाणाड्या हाच बांधावर येणारा एकमेव तज्ज्ञ असतो. ज्ञान कोणत्या मार्गाने पोहोचते हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय भूजलशास्त्राचे काम शेतापर्यंत जात नाही.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला चित्र बदलते. देगलूर, बिलोली, किनवट या बाजूला बेसाल्टचे आवरण संपत जाते आणि ग्रॅनाइट व नाइस उघडे पडतात. या खडकांतील काही खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिले तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. किनवट परिसरातील पाण्याचे नमुने तपासणारे अभ्यास या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातून आणि आसपासच्या महाविद्यालयांतून सातत्याने झाले आहेत, आणि मर्यादित साधनांत झालेले हे काम आदराने पाहण्याजोगे आहे. येथे एक निरीक्षण नोंदवण्याचा मोह होतो : जेथे काळा पाषाण संपतो, साधारण त्याच पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगू घरात ऐकू येऊ लागते. खडक भाषा ठरवत नाही हे उघड आहे. परंतु खडकावर माती, मातीवर पीक आणि पिकावर वस्तीची घडण अवलंबून असते, आणि म्हणून भूशास्त्राचा नकाशा व भाषाशास्त्राचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहण्याचे काम कोणीतरी मनावर घ्यायला हवे.

भाषेच्या बाजूने या सीमाभागात झालेले काम संख्येने थोडे, पण गुणाने मोठे आहे. निलंगा येथे १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे निजामाच्या प्रशासनातील अधिकारी. आदिलाबाद भागातील नोकरीत त्यांनी गोंडी आणि कोलामी या भाषा शिकून घेतल्या आणि १९५० मध्ये कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा, किनवट-माहूर भागातील कोलाम समाजातही ती बोलली जाते. पुढे पगडी मराठ्यांच्या इतिहासाच्या फारसी साधनांकडे वळले आणि त्याच कामासाठी ते अधिक ओळखले गेले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करणारे आणि पुढे तेथेच प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी नाट्यशास्त्र, मनुस्मृती, हैदराबादचा लढा आणि समकालीन राजकारण यांचा विचार एकाच चिकित्सक बुद्धीने केला. या दोघांपैकी कोणालाही एखाद्या विद्याशाखेच्या चौकटीत बसवता येत नाही, आणि त्यांच्या कामाची ताकद नेमकी तेथेच आहे. आजचा संशोधक नोंदणी करतानाच विषय, शाखा आणि मार्गदर्शक यांच्या कुंपणात शिरतो, तेव्हा ही मोकळीक किती दुर्मीळ झाली आहे हे जाणवते.

इतिहासाच्या साधनांबाबत हा प्रदेश श्रीमंत आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूर’ नगराचे अधिपती म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. कंधार येथे राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याच्या काळातील लेख आणि जुना जलाशय, औसा तालुक्यात खरोसा येथील लेणी, देगलूर तालुक्यात होट्टल येथील चालुक्य शैलीची मंदिरे, आणि नांदेडमध्ये गुरू गोविंदसिंग यांच्या १७०८ मधील निर्वाणानंतर रुजलेली दखनी शीख परंपरा, असा हा विस्तार आहे. त्याहून मागे जायचे तर मांजरा खोऱ्यातील गाळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अश्मयुगीन हत्यारे आणि आता येथे नसलेल्या मोठ्या सस्तन प्राण्यांचे जीवाश्म शोधले. विसाव्या शतकातील समाजाचा अभ्यास अधिक दुखरा आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये दलित वस्त्यांवर झालेल्या हल्ल्यांची नोंद अत्याचार विरोध समितीच्या अहवालाने गावोगाव फिरून केली. तो अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या भागातील जात, जमीन व सत्ता यांच्या संबंधांवरील पुढील लेखनाला त्याचा आधार मिळाला. तो विद्यापीठीय प्रकल्प नव्हता. अनेकदा महत्त्वाचे सामाजिक संशोधन संस्थांच्या भिंतीबाहेरच घडते.

शेतीसंशोधनाची वाट वेगळी, कारण तेथे निष्कर्ष बियाण्याच्या पिशवीतून थेट शेतात जातो. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले आणि नांदेडचे कापूस संशोधन केंद्र व लातूरचे गळीतधान्य संशोधन केंद्र त्याच्या छत्राखाली काम करतात. नांदेड केंद्राचा ‘एनएचएच ४४’ हा संकरित कापूस कोरडवाहू शेतकऱ्यांत दीर्घकाळ लोकप्रिय होता. बीटी वाणांच्या लाटेत तो मागे पडला आणि २०१७ मध्ये शेंदरी बोंडअळीने बीटी कापसाचेही नुकसान केले. पशुधनात देवणी ही लातूर जिल्ह्याची ओळख. डांगी, गीर आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून ती घडली असे मानतात, आणि तिचे तीन प्रकार गुराख्यांनी रंगावरून पाडलेले आहेत : तोंडाच्या बाजू काळ्या असलेला वानेरा, अंगभर पांढरा आणि पोटाकडे ठिपके असलेला बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर काळे पट्टे-डाग असलेला शेवरा. पशुवैज्ञानिकांनी हेच वर्गीकरण जसेच्या तसे स्वीकारले; लोकज्ञान आणि विज्ञान एका शब्दावर येऊन थांबल्याचा हा दुर्मीळ नमुना होय. उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि कंधारचे लाल कंधारी जनावर हेही याच साखळीतले दुवे आहेत.

संशोधनाच्या प्रमाणाकडे पाहताना त्याच्या प्रतीकडे डोळेझाक करता येत नाही. अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी प्रकाशनांना गुण देण्याची पद्धत २०१० नंतर रूढ झाली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके देशभर उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. लातूरमध्ये या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे : ‘लातूर पॅटर्न’मुळे या शहराची कीर्ती परीक्षेतील गुणांशी जोडली गेली, आणि ठरलेल्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर अचूक देण्याचे जे शिक्षण त्यातून मिळते ते संशोधनाच्या वृत्तीपासून दूर नेणारे आहे. संशोधक प्रश्नच नव्याने घडवतो. शिवाय निसर्गविज्ञानांचे बहुतेक लेखन इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्रांचे पुष्कळसे मराठीत होत असल्याने दोन्ही गट एकमेकांचे वाचत नाहीत, आणि ज्यांच्या जमिनीवर हे सर्व घडते त्यांच्यापर्यंत दोन्हीपैकी काहीच पोहोचत नाही.

दोन्ही बाजूंना एकत्र आणणाऱ्या कामाची एक शक्यता मात्र हाताशी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९७९ मध्ये आला. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, म्हणून लातूरच्या वनस्पती त्या ग्रंथात उस्मानाबादच्या नावाखाली नोंदलेल्या आहेत आणि जिल्ह्याच्या नावाने शोधणाऱ्याला त्या सापडत नाहीत. त्या काळी येथील शिवार मुख्यत्वे ज्वारी-तुरीचे होते. आज ते सोयाबीनचे आहे आणि पेरणीनंतर काही दिवसांत त्यावर तणनाशक फवारले जाते. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला, बांधावरची पाथरी, पावसात उगवणारे कुर्डू आणि चिघळ यांपैकी काय उरले आणि काय गेले, हे त्या यादीशी आजचे शेत ताडून सांगता येईल. त्यासाठी वनस्पती ओळखणारा एक अभ्यासक पुरेसा नाही. कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात खुडत, कोणती बाळंतिणीला देत आणि कोणती दुष्काळातच शिजत असे, हे सांगणाऱ्या स्त्रियाही त्याच बांधावर सोबत हव्यात. १९७९ मध्ये ज्या खुरपणीला जात होत्या, त्या आज सत्तरीच्या आसपास आहेत.